पांढरा डाग आणि पुढची तारीख

सकाळी साडेसात
उपकेंद्र उघडायच्या आधीच आशाताईंचा फोन येतो. "मॅडम, दोघी हळद काढायला निघाल्यात. नऊच्या आत बघता का?" मार्चमध्ये हिंगोलीतल्या सेनगावकडं हळदीची घाई असते. मजुरी बुडवून तपासणीला कुणी थांबत नाही, म्हणून समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून माझा दिवसच लवकर सुरू होतो.

आठ
तीस वर्षांपुढच्या बायांची गर्भाशयमुखाची तपासणी, गावच्या भाषेत पिशवीच्या तोंडाची. पाळी चालू नाही ना, दिवस गेलेले नाहीत ना, हे विचारून घेते. मग व्हीआयए, म्हणजे पातळ ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. पांढरा डाग उमटला नाही, तर पुढची तपासणी पाच वर्षांनी. उमटला, तर नोंदवहीत 'व्हीआयए पॉझिटिव्ह'.

साडेआठ
"म्हंजी मला कॅन्सर झाला का ओ?"
नाही. कॅन्सर होण्याआधी बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात, पण साध्या सुजेनंही तिथं पांढरं दिसू शकतं. खरं काय ते दुर्बिणीतून, म्हणजे कॉल्पोस्कोपीनं बघून आणि लागलाच तर छोटा तुकडा तपासून कळतं. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देते.
"त्यापेक्षा पिशवीच काढून टाका ना."
हे वाक्य रोजचं आहे. कॅन्सरच्या आधीचा लहान डाग असेल, तर तेवढीच जागा गोठवून किंवा उष्णतेनं जाळून काम भागतं. त्याच दिवशी घरी जाता येतं. आणि आत कॅन्सर असताना तुकडा न तपासता पिशवी काढली, तर पुढचा उपचार अवघड होतो.

अकरा
एकीनं नांदेडला खाजगीत पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी केलेली. रिपोर्ट घेऊन नवराही आलाय. 'एएससी-यूएस' म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या, पण नक्की सांगता येत नाही. मग एचपीव्ही, म्हणजे या कॅन्सरमागच्या विषाणूची चाचणी करायची किंवा वर्षभरानं पुन्हा पॅप. 'एलसिल' म्हणजे सौम्य बदल, बहुतेक वेळा आपोआप जातो. 'एचसिल' आलं, तर कॉल्पोस्कोपी लांबवायची नाही.
"हा विषाणू आला कुठून?" नवरा विचारतो. शरीरसंबंधातून. पण तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. कधी आणि कुणाकडून आला, हे चाचणी सांगत नाही. त्यामुळं रिपोर्टवरून घरात संशयाचं भांडण काढण्यात अर्थ नाही. बहुतेकांना तो आयुष्यात केव्हातरी होतो आणि बहुधा दोनेक वर्षांत शरीरच त्याला घालवतं. १६ आणि १८ सारखे प्रकार मुक्काम ठोकून बसले तरच धोका, आणि त्यातून कॅन्सर व्हायलाही साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असेल, तर मात्र हा काळ बराच कमी होतो.

दुपारी दोन
आशांची बैठक. 'हिंगोलीत चौदा हजार बायांना कॅन्सर' असं बोलणारे अजून भेटतात. म्हणून आकडे फळ्यावर लिहिते. २०२५ च्या संजीवनी अभियानात २,९२,९९६ महिलांना प्रश्न विचारले गेले, १४,५४२ जणींत कॅन्सरसारखी लक्षणं आढळली. त्यावेळी विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार, तपासणीअंती गर्भाशयमुखाचा कॅन्सर ठरला तिघींना, स्तनाचा एकीला, तोंडाचा आठ जणींना. संशय आणि निदान यांत एवढं अंतर असतं.
"मग एवढ्यांना घाबरवायचं कशाला?" एक आशा विचारते. उत्तर आपल्याच मराठवाड्यात आहे. १९९९ पासून उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांवर अभ्यास झाला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू चाचणी न दिलेल्या गटापेक्षा जवळपास निम्मे झाले.

साडेचार
चिठ्ठी नेलेल्या बायांना फोन. कुणाची हळद शिजायची, कुणाकडं लग्न, कुणाला गाडीभाडं नाही. पॉझिटिव्ह आलेली बाई दुसऱ्या तपासणीला गेलीच नाही, तर पहिली तपासणी वाया. म्हणून शक्यतो दोघी-तिघींची तारीख एकच घेते आणि आशाताईंना सोबत पाठवते.

सहा
कुलूप लावताना रोजचाच निरोप देते, तोच तुम्हालाही. तिशी ओलांडली असेल, तर त्रास नसतानाही तपासून घ्या. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर शिबिराची वाट न बघता दवाखाना गाठा. ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या एचपीव्ही लशीबद्दल विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' आता आपल्याकडंच बनते. आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर रडत बसू नका. पुढची तारीख घ्या आणि त्या दिवशी जा.