ठिपका दिसतो, डिझेल दिसत नाही

विक्रेता लॅपटॉप उघडतो. नकाशावर हिरवे-लाल ठिपके सरकू लागतात, त्यातला एक चाकण सोडून शिक्रापूरकडे निघालेला असतो आणि दहा-बारा ट्रकांचा मालक तिथेच हरखतो. ‘कुठवर आलास रे?’ या प्रश्नाला वर्षानुवर्षं ‘हे काय शेठ, नाक्यावरच आहे’ एवढंच उत्तर ऐकलेल्या माणसाला ठिपक्याची भूल पडणारच. पण गाडी कुठे आहे हे कळणं ही या सगळ्या तंत्रज्ञानातली सर्वांत स्वस्त गोष्ट. पैसा गळतो तो डिझेलमध्ये, पार्टीच्या गेटबाहेर उभं राहण्यात, परतीच्या रिकाम्या फेरीत. आपली गळती यातली कुठली, हे आधी ठरवावं. यंत्र त्यानंतर.

एक गैरसमज मात्र आधीच काढलेला बरा. उपग्रह आपल्या गाडीकडे पाहत नसतो. तो वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतो. गाडीतलं यंत्र निदान चार उपग्रहांचे संकेत ऐकून आपलं ठिकाण काढतं आणि आतल्या सिमकार्डावरून, साध्या मोबाइल नेटवर्कने, ते सर्व्हरला कळवतं. दुवे दोन, आणि दोन्ही एकाच जागी तुटतात असं नाही. घाटात आकाश दिसत असतं, पण रेंज जाते आणि पडद्यावर गाडी थिजते. चांगलं यंत्र तेवढ्या वेळच्या नोंदी साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवून देतं. ‘समृद्धी’ महामार्गावरच्या इगतपुरीजवळच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यात तर आकाशच नाही. म्हणून ‘लाइव्ह दिसतं का?’ यापेक्षा ‘रेंज गेल्यावर नोंदींचं काय होतं?’ हा प्रश्न विक्रेत्याला जास्त घाम फोडतो.

कायद्याचा भाग थोडक्यात. बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून, नवीन नोंदणीच्या वेळी, ठिकाण सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं झालं. त्याचं मानक एआयएस-१४०. ते पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेलं आहे. वेगनियंत्रक ही वेगळी वस्तू. त्याची मर्यादा बहुतेक व्यावसायिक वाहनांना ताशी ८०, तर टँकर, डंपर आणि शाळेच्या बसला ६० किलोमीटर. या दोन्हींमुळे पासिंगचं काम होतं. धंद्याचा हिशेब त्यातून कळत नाही.

खरी कसोटी डिझेलची. टाकीतल्या मूळच्या तरंगत्या काट्यावर विसंबलेली यंत्रणा स्वस्त पडते, पण चढावर टाकी कलली की आकडा हलतो आणि चोरी न होताच मोबाइलवर इशारा वाजतो. असे चार खोटे इशारे आले की मालक पाचवा बघत नाही. टाकीत उभी दांडी सोडून पातळी मोजणारा सेन्सर बराच अचूक, मात्र प्रत्येक टाकी मोजून मापून भरत तो जुळवावा लागतो. दोन सारख्या दिसणाऱ्या ट्रकांच्या टाक्यासुद्धा सारख्या नसतात, एखादीला पोचा असतो. हे काम अर्ध्या तासात उरकणारा फिटर आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

नळी घालून एकदम तीस लिटर काढले, तर हा सेन्सर पकडतो. पंपावर बिलापेक्षा कमी भरलं, तरी पकडतो. पण इंजिनाकडून टाकीत परतणाऱ्या नळीतून थोडं थोडं काढलेलं डिझेल त्याला नेहमीच्या खर्चासारखंच दिसतं. तिथे दुसरा साक्षीदार लागतो, इंजिनाचा स्वतःचा संगणक. बीएस-६ गाड्यांत किती इंधन जाळलं याचा अंदाज त्याच्याकडे असतो. टाकीतून गेलेलं आणि इंजिनाने जाळलेलं यांत सतत फरक पडू लागला, की शोधाला दिशा मिळते. जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीत ही सोय नाही. तिथे दांडी आणि त्याच मार्गावरच्या, तेवढ्याच वजनाच्या फेऱ्यांचं अ‍ॅव्हरेज, एवढ्यावरच भागवायचं.

मोबाइलवरून इंजिन बंद करण्याची सोय विक्रेते सर्वांत अभिमानाने दाखवतात. मला तिचीच सर्वांत जास्त भीती वाटते. धावत्या ट्रकचं इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, एअर ब्रेकला हवा भरणारा कंप्रेसर थांबतो. हे खंबाटकी घाट उतरताना झालं तर? हप्त्यावरून किंवा पगारावरून भांडण झालेल्या मालकाच्या अंगठ्यावर ही गोष्ट सोपवू नये. सोय हवीच असेल, तर थांबलेली गाडी पुन्हा सुरू होणार नाही एवढ्यापुरतीच घ्यावी.

ताफा मिश्र असेल तर आणखी एक गुंता. टाटाचं ‘फ्लीट एज’, अशोक लेलँडचं ‘आय-अलर्ट’ अशा कंपन्यांच्या आपापल्या यंत्रणा आहेत. दोन मेकच्या नव्या गाड्या आणि चार जुन्या असतील, तर तीन अ‍ॅप उघडून बसावं लागतं आणि हळूहळू एकही उघडलं जात नाही. सगळ्यांची माहिती एका पडद्यावर आणून देणारा लेखी कबूल होत असेल, तर त्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

ड्रायव्हरला विश्वासात घेतल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. वायर निघते, अँटेनावर फॉइल चढतो. केबिन हे त्याचं झोपायचं घरही असतं, तेव्हा आत रोखलेला कॅमेरा बसवताना तो कधी चालू असेल हे त्याला सांगायलाच हवं. उलट याच नोंदी त्याच्याही कामाच्या आहेत. गाडी पार्टीच्या गेटवर कधी लागली, कधी खाली झाली, याचा पुरावा असला की हॉल्टिंगचे पैसे मागता येतात आणि ‘उशीर ड्रायव्हरने केला’ हे ऐकावं लागत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा, २०२५ पर्यंत लागू असलेला. सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तासांची मर्यादा त्यात होती. तेवढे तास कितीदा ओलांडले जातात, हेही तोच ठिपका दाखवतो. ते पाहण्याची मालकाची तयारी आहे का, हे विक्रेता विचारत नाही.

सही करण्याआधी एक जुनी आणि एक नवी गाडी महिनाभर आपल्याच मार्गावर फिरवून बघावी. करार संपल्यावर जुन्या नोंदी एक्सेलमध्ये मिळतील का, सिमचं रिचार्ज कोण करणार, यंत्र फक्त २जीवर चालतं की ४जीवरही, हे कागदावर घ्यावं. पावसाळ्यात गाड्या उभ्या राहणार असतील तर आणखी एक गोष्ट: उभ्या गाडीत यंत्र मुख्य बॅटरीतूनच वीज घेत राहतं. ते झोपेच्या अवस्थेत जातं का, हेही त्या महिन्यात चार दिवस गाडी न हलवता तपासता येतं.