पाहून परत येणारी गाडी

माझ्या लहानपणी परभणीत आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त दफेदार राहायचे. फौजेत ते डेमलर ही चिलखती गाडी चालवत. आम्ही पोरं विचारायचो, “चाचा, किती शत्रू मारले?” ते हसून म्हणायचे, “बेटा, आमचं काम मारण्याचं नव्हतं. पाहायचं आणि परत येऊन सांगायचं.”

दुसऱ्या महायुद्धातली ही ब्रिटिश बनावटीची टेहळणी गाडी. आत तिघे, वर छोटी तोफ. पुढे जायला ५ गिअर, मागे यायलाही ५! मागच्या बाजूला आणखी एक स्टिअरिंग. शत्रू दिसला, की गाडी न वळवता उलटी पळवता येई. अर्थात, प्रसंगी चिलखती गाड्या लढतही. ७ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ शालटेंगला सातव्या लाइट कॅव्हलरीच्या अशाच गाड्यांनी हल्लेखोरांना पाठीमागून गाठले होते.

जुन्या चिलखती गाड्या आज अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात पाहता येतात. त्या चालवणाऱ्यांच्या आठवणी मात्र कुठे ठेवल्या आहेत? चाचा गेले. आयुष्यभर कविता लिहिणाऱ्या मी त्यांची एक ओळही उतरवून घेतली नाही. तुमच्या गावात एखादा म्हातारा जवान असेल, तर आजच वही घेऊन त्याच्याजवळ बसा. परत येऊन सांगायला तो तयार आहे; ऐकणारा हवा.