दारात आलेला वीज-वायूचा विक्रेता

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापी जेथे समुद्राला मिळते तेथे हजीरा हे गाव आहे. अरबी समुद्राच्या तळाखालील एका वायुक्षेत्राला वसईवरून 'दक्षिण बसीन' असे नाव मिळाले आहे. त्या क्षेत्रातील नैसर्गिक वायू समुद्रतळावर टाकलेल्या नळातून हजीऱ्यास किनाऱ्याला लागतो. याच गावापासून मध्य प्रदेशातील विजयपूर आणि तेथून उत्तर प्रदेशातील जगदीशपूर येथपर्यंत नळवाट टाकण्याच्या कामासाठी १९८४ साली 'गेल' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. २००५ पासून परदेशातील द्रवरूप वायूची जहाजेही येथे रिकामी होतात. कृभकोचा खतकारखाना, कवासचे वीजकेंद्र, पोलादाचा प्रचंड कारखाना, सारे याच परिसरात. देशातील कित्येक कारखान्यांचे इंधन ज्या गावातून पुढे जाते, तेथे इंधनाच्या नावाने कोणी कोणास फसवील असे सहसा वाटणार नाही.

परंतु नळवाटेवर पहारा करणारा मनुष्य पाळीवर गेला म्हणजे त्याच्या घराच्या दारावर पहारा उरत नाही. दुपारची वेळ असते, धाकटे मूल नुकतेच झोपलेले असते, आणि कडी वाजते. गळ्यात ओळखपत्र, हातात वही, खांद्याला पिशवी. "ताई, गॅस कंपनीकडून आलो आहे. तपासणी सक्तीची आहे. जरा मागचे बिल दाखवा." हजीऱ्याभोवतालच्या कामगार-वसाहती असोत, उधना-लिंबायतमधील खानदेशी वस्त्या असोत किंवा वसई-नाशिकमधील चाळी असोत, या संभाषणाची सुरुवात फारशी बदलत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सर्वसाधारण घराला वीज किंवा नळाचा वायू कोणाकडून घ्यावयाचा याची निवड आपल्या देशात बहुतेक ठिकाणी नाही. वीजवितरणाचा परवाना प्रदेशवार दिला जातो. सुरत शहराच्या मोठ्या भागात टोरेंट पॉवर वीज पुरवते, तर दक्षिण गुजरातच्या बाकीच्या भागात दक्षिण गुजरात वीज कंपनी. नळाच्या वायूचेही तसेच. एका भौगोलिक क्षेत्राचे काम नियामक मंडळ एका कंपनीकडे सोपविते. दर नियामक आयोग किंवा ती कंपनी ठरविते, दारात आलेला मनुष्य नव्हे. तेव्हा "आमच्या योजनेत आलात तर युनिट स्वस्त पडेल" असे जो म्हणतो, त्याच्यापाशी विकण्याजोगी वीजही नसते आणि वायूही नसतो. तो या दोहोंच्या नावाला चिकटवून दुसरेच काही विकत असतो.

मुंबई हा या नियमाला अपवाद होय. तेथे एकाच क्षेत्रात दोन वितरण परवाने आहेत, आणि २००८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २००९ पासून उपनगरांतील ग्राहकांना एका कंपनीकडून दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी झाली. विलायतेत तर घरगुती ग्राहकाला अशी निवड कितीतरी आधी मिळाली, आणि निवडीबरोबर दारोदार हिंडणारे विक्रेतेही आले. तेथील ऊर्जा नियामक 'ऑफजेम' याने एप्रिल २०१३ मध्ये एसएसई या बड्या कंपनीला १ कोटी ५ लाख पौंडांचा दंड केला. विक्रेत्याच्या दारातील पहिल्या वाक्यापासून करार पक्का करण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर दोष आढळला. बचतीचे जे आकडे सांगितले गेले ते दिशाभूल करणारे होते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, जेथे मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत, हा व्यवहार इतका बिघडला की १ जानेवारी २०१७ पासून वीज-वायूचे घरगुती करार दारोदार फिरून विकण्यास कायद्यानेच बंदी घालण्यात आली. तेथेही विक्रेत्याची पहिली मागणी बहुधा हीच असे, की जुने बिल दाखवा.

बिल का हवे असते? त्यावर ग्राहकाचे नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक आणि महिन्याचा वापर हे सारे एके ठिकाणी असते. क्षणापूर्वी अनोळखी असलेला मनुष्य ते वाचून ओळखीच्या सुरात बोलू लागतो. "तुमचा क्रमांक आमच्या यादीत आहे," असे तो म्हणतो. वस्तुतः यादी त्याच्याजवळ नसून त्या गृहिणीनेच ती आत्ता त्याच्या हाती दिलेली असते.

पिशवीतून मग जे निघते ते दोन-तीन ठराविक जिनसांपैकी असते. 'गॅस सेव्हर' नावाची जाळी किंवा सिलिंडरच्या तोंडाशी बसवावयाचे यंत्र हे त्यांपैकी एक. सिलिंडरवरचा रेग्युलेटर आतील मोठा दाब उतरवून शेगडीस सोसेल असा जवळजवळ स्थिर दाब बाहेर सोडतो. त्याच्या वाटेत आणखी अडथळा बसविला तर ज्योत लहान होते आणि डाळ शिजावयास वेळ अधिक लागतो. बचत म्हणावी अशी होत नाही. शिवाय एक जोड वाढला म्हणजे गळतीची एक जागा वाढली. विजेच्या बाबतीत भिंतीच्या सॉकेटात खोचावयाची 'पॉवर सेव्हर' डबी असते. तिच्यात बहुधा एक लहानसा कपॅसिटर आणि दिवा एवढेच असते. कपॅसिटरने विद्युत्‌प्रवाहाचा 'पॉवर फॅक्टर' सुधारतो ही गोष्ट खरी, आणि मोठ्या कारखान्यास तिचा उपयोगही आहे. परंतु घरगुती मीटर प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जा युनिटांत मोजतो, तिच्यात या डबीमुळे फरक पडत नाही. हजीऱ्याच्या कारखान्यातील कोणत्याही वायरमनला विचारले तर तो हे दोन मिनिटांत समजावून देईल. पण तो त्या वेळी पाळीवर असतो!

रबरी नळीची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथे असत्यात सत्य मिसळलेले असते. नळी जुनी झाली की बदलावी हे खरेच आहे. मानक चिन्ह असलेली, आत तारेची जाळी असलेली नारिंगी 'सुरक्षा' नळी ५ वर्षांनी बदलावी असा नियम आहे. मात्र ती वितरकाकडून पावतीसह घ्यावी. "ही घेतली नाहीत तर विमा मिळणार नाही," ही धमकी मात्र निव्वळ बनाव आहे. स्वयंपाकाच्या वायूच्या अपघातासाठीचा सार्वजनिक दायित्व विमा तेल कंपन्याच उतरवितात. त्याचा हप्ता ग्राहकाने भरावयाचा नसतो. गळतीचा संशय आला तर १९०६ हा क्रमांक आहे. फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता केंद्राचा १९१५.

२०२१ च्या थेट विक्री नियमांत असे म्हटले आहे, की थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरविल्याखेरीज किंवा संमती घेतल्याखेरीज ग्राहकाच्या घरी जाऊ नये. नियम चांगला आहे. पण तो थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांसाठी आहे, आणि पिशवीवाल्याची कंपनी पुष्कळदा त्याच्या पिशवीतच संपते.

आतापर्यंतच्या प्रकारांत नुकसान काही शेकड्यांचे, फार तर हजारांचे. खरा मोठा करार अलीकडे दारात आला आहे तो सूर्यविजेचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' जाहीर केली. १ किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये असे अनुदान तीत ठरले. योजना खरी आहे व उपयोगीही आहे; गुजरातेतील कितीतरी छपरांवर असे संच दिसतात. घोटाळा होतो तो 'मुफ्त' या शब्दाने. सरकार वीज वाटत नाही. ग्राहक आपल्या पैशाने किंवा कर्जाने संच विकत घेतो, ३ किलोवॅटचा संच महिन्याकाठी साधारणपणे ३०० ते ३६० युनिटे वीज निर्माण करतो आणि तेवढी बिलातून वजा होते. स्थिर आकार चालूच राहतो.

"सरकारतर्फे आलो आहे" म्हणणाऱ्याविषयी केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्येच खुलासा केला होता, की मंत्रालयाने कोणाही विक्रेत्यास आपला अधिकृत विक्रेता नेमलेले नाही. विक्रेते वीज कंपनीकडे नोंदलेले असतात, आणि त्यांतून निवड ग्राहकाने करावयाची असते. अर्ज राष्ट्रीय संकेतस्थळावर होतो. नोंदणीच्या नावाने रोख रक्कम मागणारा तेथेच उघडा पडतो. अनुदानही आगाऊ मिळत नाही. संच बसून, त्याची तपासणी होऊन, दुतर्फी मीटर लागल्यानंतर ते ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते.

धोका आहे तो सहीचा. पूर्वी सही म्हणजे कागदावरची रेघ होती, ती करताना हात थोडा तरी थबकत असे. आता भ्रमणध्वनीवर आलेला सहा आकडी क्रमांक तोंडाने सांगितला की सही झाली. तो क्रमांक नोंदणीचा होता की कर्जाच्या अर्जाचा, हे सांगणाऱ्याला पुष्कळदा पहिला हप्ता खात्यातून गेल्यावर कळते.

हजीऱ्यासारख्या ठिकाणी आणखी एक अडचण आहे. येथे खोल्या भाड्याने घेऊन राहणारे कामगार पुष्कळ. या योजनेच्या लाभासाठी घर, योग्य छप्पर आणि वीजजोडणी ही अर्जदाराची असावी लागतात. भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर घरमालकाचे असते, पुष्कळदा वीजमीटरही त्याच्याच नावाचा. तरीही आगाऊ रक्कम घेताना विक्रेता भाडेपावती मागत नाही. तो मागतो ते फक्त विजेचे बिल.