महाधमनी फुगली आहे, चालू का?

मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात निघाली पोटातली फुगलेली महाधमनी, ४ सेंटिमीटर. एरवी ती साधारण २ असते. ओपीडीत आलेल्या काकांनी तेव्हापासून फिरणंच सोडलं होतं. असं घाबरून बसू नका. रक्तदाब आटोक्यात असेल तर बोलता येईल इतक्या वेगाने रोज अर्धा तास चाला. धोका आहे तो श्वास रोखून जोर लावण्यात: भरलेला सिलिंडर उचलणं, जिममधली जड वजनं, अगदी शौचाला कुंथणंसुद्धा. त्या क्षणी रक्तदाब उसळतो आणि ताण कमकुवत भिंतीवर येतो. विडी मात्र आजच टाका. फुगवटा तिच्यामुळे झपाट्याने वाढतो. पुरुषांत तो साडेपाचवर गेला की शस्त्रक्रियेचा विचार करतात, म्हणून तपासणी चुकवू नका. पोटात-पाठीत अचानक असह्य कळ आली, तर ॲसिडिटीची गोळी घेत बसू नका, १०८ लावा.