पौषातला निवांत दिवस आणि उसाचं घर



दत्तजयंती होऊन गेलेली असते आणि संक्रांतीला अजून आठ-दहा दिवस असतात. पौषात लग्नकार्ये नसतात, त्यामुळे पत्रिका नाहीत, आहेर-माहेर नाही, पाहुण्यांची ये-जा नाही. दिवाळीचा खर्च अंगावरून उतरत आलेला असतो. गहू-हरभऱ्याला पाणी दिले की दुपारी अंगणात उन्हाला बसावे, एवढाच कार्यक्रम. वर्षाकाठी उसवाल्याच्या घरी असे दिवस हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच येतात. त्यांचे मोल मोठे आहे, म्हणूनच त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

ऊस विकास खात्यात काम करणाऱ्या माणसाला हंगामात रविवार ठाऊक नसतो. मोळी पडली की पट्टा पडेपर्यंत आमचे घर रस्त्यावरच असते. यंदा मात्र एका रविवारी साफसफाईसाठी गाळप काही तास बंद राहिले आणि आम्हास घरी बसावयास मिळाले. स्लिपबॉयचा फोन नाही, ट्रॅक्टर फडात रुतल्याची तक्रार नाही. आई ओसरीवर सूप घेऊन तीळ निवडीत होती. थोरला दहावीचे पुस्तक मांडीवर घेऊन उन्हात बसला होता आणि धाकटी आजीच्या सुपातले तीळ तोंडात टाकीत होती. आमच्या सौ.नी चुलीवर बाजरीच्या भाकरी टाकल्या होत्या. सोबत वांग्याचे भरीत, कांद्याची पात आणि भाकरीवर लोण्याचा गोळा.

आई म्हणाली, "लाडवाला चिक्कीचा गूळ आण. तुझ्या कारखान्याची साखर ऱ्हाऊ दे तिकडंच." साखरेवर पोट असलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागते!

दुपारचे पाहुणे

भाकरी खाऊन आडवे होतो न होतो तोच दारात मोटारसायकल थांबली. आमच्याच गटातले एक सभासद आणि त्यांच्या मंडळी. बसा म्हटले, चहा टाकावयास सांगितला. सभासद टेकलेच नाहीत.

"साहेब, टोळी कवा देताय तेवढं सांगा. जुलैच्या शेवटची लागण हाय. सतरा म्हैने झालं. तुरा आलाय, निम्मा पडलाय. माघात पोरीचं लगीन धरलंय. न्हाईतर मी काडी लावतो फडाला. जळका ऊस तरी लगेच नेताय का न्हाई?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्यांच्या मंडळीच म्हणाल्या, "मी दीड वर्ष खुरपलंय त्ये. काडी लावायची म्हंता, आन् पोरीच्या लग्नाला कपातीचा पैका न्हेनार व्हय?"

आम्ही नोंदवहीची प्रत आणून ओसरीवर उघडली. लागण तारखेप्रमाणे त्यांच्या पुढे पाच नोंदी होत्या. सगळ्या आडसाली, सगळ्या जुलैच्या. त्यातली एक तर विधवा बाईंची होती. ती नावे त्या दोघांना एकेक करून वाचून दाखविली. वहिनी म्हणाल्या, "मग आमचंच काय येगळं हाय?" सभासद गप्प झाले, मग खाली बसले आणि चहा घेतला. पाळी आली तेव्हा त्यांचा ऊस हिरवाच तुटला, हे येथे नमूद करण्यास आम्हास आनंद वाटतो.

घरात बसून ठरवावयाच्या गोष्टी

हा प्रसंग एका घरचा असला तरी घालमेल घरोघरची आहे. म्हणून काही बाबी ध्यानी घ्याव्यात.

तुरा आला म्हणजे लगेच ऊस गेला असे नाही. तुऱ्यानंतर दीड-दोन महिन्यांपलीकडे ऊस उभा राहिला तर दशी पडते, वजन आणि उतारा घटतो. तोवर धीर धरता येतो. उलट, पेटविलेल्या उसाचे वजन तासागणिक उतरते, वर नियमाप्रमाणे कपात होते, आणि वाऱ्याने शेजाऱ्याचा फड पेटला तर भावकीत कायमचे वैर येते. पाळी पुढे ओढण्यासाठी टोळीला वर पैसे देणे हाही तोच प्रकार. पुढे गेलेल्या प्रत्येकामागे कोणीतरी मागे पडतो.

थंडी ही उसाची वैरीण नव्हे. रात्री गार आणि दिवसा स्वच्छ ऊन असले की उसात साखर भरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये ठरला, आणि त्यापुढे उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्यास टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढ. पक्व, हिरवा आणि तोडल्यावर चोवीस तासांत गव्हाणीत पडणारा ऊस सर्वांचाच उतारा राखतो.

फड तुटला की पाचटाला काडी लावावयाची जुनी खोड सोडावी. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत दाबून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. बुडखे जमिनीलगत छाटावेत. १५ फेब्रुवारीपूर्वी तुटलेल्या उसाचाच खोडवा राखावा.

बिल येण्याआधी हिशोबही घरातच मांडावा. सोसायटीचे किती, खताचे किती, लग्नाचे किती, पोराच्या शिक्षणाचे किती. या बैठकीला बायकांना बोलवावे. खुरपणारीचा हात हिशोबातही असावा. बँकेच्या दारात उभे राहून ठरविलेला खर्च बहुधा चुकतो.

शेवटी एकच. आपल्याला पौषात निवांत दिवस मिळतो, टोळीच्या माणसांना तो नाही. बैलगाडी पहाटेच्या थंडीत निघते, पोरे कोपीत राहतात, आणि त्यांची संक्रांत आपल्याच बांधावर होते. यंदा वाण लुटताना माउल्यांनी कोपीतल्या बायकांनाही हळदी-कुंकवाला बोलवावे आणि पोरांच्या हातावर दोन लाडू ठेवावेत. चिक्कीच्या गुळाचे केलेत तर आमच्या आईला बरे वाटेल.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि फडाला काडी लावू नका.