गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत

विपणनाच्या दफ्तरातून उत्पादनाच्या कारभाराकडे जाणारी वाट अमेरिकेत आखली गेली ती १३ मे १९३१ रोजी, जेव्हा प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या जाहिरात खात्यातील नील मॅकेलरॉय यांनी, त्याच कंपनीच्या ‘आयव्हरी’ साबणाच्या छायेत झाकोळलेल्या ‘कॅमे’ची कैफियत मनात धरून, प्रत्येक ब्रँडला स्वतंत्र कारभारी असावा, असे तीन पानी टिपण वरिष्ठांस सादर केले.

याच कंपनीत विपणनाचे धडे गिरवलेल्या स्कॉट कुक यांनी, घरखर्चाच्या हिशेबाने त्रासलेली आपली पत्नी पाहून, १९८३ साली एका सहकाऱ्यासह ‘इन्ट्यूट’ स्थापिली. आणि ‘क्विकन’ ही हिशेबाची संगणकप्रणाली दुकानातून विकत नेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या संमतीने त्याच्या घरी जाऊन, तो वेष्टन कसे फोडतो, कोठे अडखळतो, हे मुकाट्याने पाहण्याची शिस्त कर्मचाऱ्यांस लावली.

वापरणाऱ्याची परिस्थिती जाणणे, गरजा निश्चित करणे, नमुना घडवणे आणि तो पारखून घेणे, ही मानवकेंद्री रीत आयएसओच्या ९२४१-२१० या मानकात २०१० साली ग्रथित झाली. जाहिरातदाराने कमावलेली माणसांची पारख या वाटेवर वाया जात नाही. मात्र ‘हा घेईल का?’ या प्रश्नाच्या पुढे ‘घेतल्यावर याचे काम होईल का?’ हा प्रश्न मांडावा लागतो.