घाट उतरताना सायकल कायम न्यूट्रलमध्येच असते! मग सगळा भार येतो कुणावर?

घाटाच्या तोंडाशी एक सूचना हमखास ऐकायला मिळते. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

कारण साधं आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं. ब्रेकवर पाय कमी पडतो, ब्रेक तापत नाहीत आणि गरज पडेल तेव्हा ते हाताशी असतात.

आता सायकलचं बघा. सायकल २१ गिअरची असो की २७ गिअरची, उतारावर पेडल थांबलं की मागच्या चाकातलं फ्रीव्हील मोकळं फिरायला लागतं. तो ‘टिक टिक टिक’ आवाज येतो ना, तो त्याचाच. त्या क्षणी कोणताही गिअर टाका, चाकाला मागे ओढणारं काहीही नसतं. म्हणजे उतारावर सायकल कायम न्यूट्रलमध्येच असते. तिथे मदतीला असतात फक्त दोन ब्रेक.

तरीही माउंटन बाइक घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, “गिअर किती आहेत?” दुसरा प्रश्न असतो शॉकअपचा. ब्रेकबद्दल मात्र फार कमी लोक विचारतात. गंमत म्हणजे माउंटन बाइक नावाची गोष्ट जन्माला आली, त्यात ब्रेकच्या भानगडीचा मोठा हात होता.

ब्रेकमधून धूर निघायचा आणि त्यावरूनच रस्त्याला नाव पडलं

गोष्ट आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांना एक नाद लागला. १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या, वजनदार, जुन्या सायकली भंगारातून शोधायच्या आणि डोंगरावरच्या मातीच्या रस्त्यावरून सुसाट खाली सोडायच्या.

या सायकलींना हँडलवर ब्रेकच नव्हते. पेडल उलटं फिरवलं की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागायचा. याला कोस्टर ब्रेक म्हणतात. सपाट रस्त्यावर पेपर टाकायला जाणाऱ्या पोरासाठी तो ठीक होता. डोंगरासाठी तो बनलाच नव्हता.

फेअरफॅक्स गावाजवळ एक उतार होता. सुमारे ३.४ किलोमीटर लांबीचा आणि त्यात साधारण ४०० मीटर खाली उतरणारा. तो संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा. खाली पोचलं की हब खोलायचा आणि नवीन ग्रीस भरायचं. ‘पुन्हा भरणं’ याला इंग्रजीत शब्द आहे रिपॅक. त्या रस्त्याचं नावच ‘रिपॅक’ पडलं.

२१ ऑक्टोबर १९७६ ला या उतारावर पहिली शर्यत झाली. ती ॲलन बाँड्स जिंकला. न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता, असं सांगितलं जातं.

पुढे गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची या मंडळींनी आपल्या सायकली बदलायला सुरुवात केली. ड्रम ब्रेक आले, मोटरसायकलचे दणकट लिव्हर आले, चढ चढण्यासाठी गिअर आले. १९७७ मध्ये जो ब्रीझने अशा रस्त्यांसाठीच वेगळी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने सायकली विकायला सुरुवात केली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पोचला.

थोडक्यात, जळालेल्या ग्रीसपासून ऑलिम्पिकपर्यंतचा प्रवास वीस वर्षांत झाला. पण तेव्हाचा प्रश्न आजही तोच आहे. उतारावर तयार होणारी उष्णता जाणार कुठे?

पसरणी घाटाचं गणित

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटरवर आहे आणि वाई सुमारे ७२० मीटरवर. म्हणजे पसरणी घाट उतरताना तुम्ही जवळपास ५७० मीटर खाली येता.

समजा तुमचं, सायकलचं आणि पाठीवरच्या सॅकचं मिळून वजन ९० किलो आहे. तेवढं वजन तेवढ्या उंचीवरून खाली येताना साधारण ५ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. घरगुती भाषेत सांगायचं तर दीड लिटर थंड पाणी उकळायला जेवढी लागते तेवढी.

ही सगळी ऊर्जा ब्रेकवर येत नाही. काही भाग समोरची हवा खाते, थोडा टायर खातात. पण इथेच खरी मेख आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. याचा उलटा अर्थ असा की जितकं सावकाश उतराल, तितकी हवेची मदत कमी आणि ब्रेकवरचा भार जास्त. चांगल्या डांबरी घाटात हा भार वाटला जातो. पण एखाद्या डोंगरावरून उभ्या, दगडमातीच्या वाटेने कमी वेगात उतरत असाल, तर जवळजवळ सगळं ओझं ब्रेकवरच येतं.

आणि हे ओझं घेणारी वस्तू केवढी? सायकलची एक डिस्क साधारण शंभर-दीडशे ग्रॅमची असते. ब्रेक पॅड तर अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा.

तुमच्या सायकलला कोणता ब्रेक आहे?

पहिला प्रकार रिम ब्रेक. यात रबराचे शू थेट चाकाच्या रिमवर घासतात. माउंटन बाइकवर दिसणारा व्ही-ब्रेक याच जातीचा. स्वस्त, हलका आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारा. अडचण दोन ठिकाणी येते. पावसात रिम ओली असते, त्यामुळे आधी पाणी पुसलं जातं आणि मग ब्रेक धरतो. तोवर सायकल पुढे गेलेली असते. दुसरं म्हणजे लांब उतारावर रिमच तापते. तिच्याबरोबर आतली ट्यूब तापते, हवेचा दाब वाढतो आणि ट्यूब फुटू शकते.

दुसरा प्रकार केबलवर चालणारा डिस्क ब्रेक. मधल्या किमतीच्या बहुतेक सायकलींवर हाच असतो. उष्णता रिमपासून दूर राहते, चिखलातही ब्रेक बऱ्यापैकी चालतो. पण पॅड झिजले की केबल आणि पॅडचं अंतर स्वतः ॲडजस्ट करावं लागतं. ते केलं नाही तर लिव्हर हळूहळू हँडलच्या जवळ येत जातो.

तिसरा प्रकार हायड्रॉलिक डिस्क. केबलच्या जागी तेल असतं. एका बोटाने दाबला तरी पुरतो. पॅड झिजले तरी अंतर आपोआप भरून निघतं. घाटात नियमित जाणाऱ्यांसाठी हाच सगळ्यात चांगला, पण तेल आणि सील यांची देखभाल आली.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, काहींमध्ये डॉट ब्रेक ऑइल. शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. एकाच्या जागी दुसरं भरलं तर आतले रबरी सील खराब होतात. तेल बदलायचं असेल तर आधी लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा.

डिस्कचा आकारही महत्त्वाचा. १६० मिलिमीटरच्या डिस्कपेक्षा १८० ची डिस्क कमी जोरात जास्त पकड देते आणि कमी तापते. मात्र मोठी डिस्क बसवण्याआधी तुमची फ्रेम आणि पुढचा फोर्क ती घेऊ शकतात का, ते मेकॅनिककडून तपासून घ्या.

ब्रेक ‘जातो’ म्हणजे नक्की काय होतं?

घाटात ब्रेक फेल झाला, असं सरसकट म्हटलं जातं. पण केबल तुटणं सोडलं तर त्यामागे दोन वेगवेगळी कारणं असतात.

एक, पॅड जास्त तापतो. त्याची पकड कमी होते. लिव्हर कडक लागतो, पण सायकल थांबत नाही. वारंवार असं झालं तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि थंड झाल्यावरही तो नीट धरत नाही.

दोन, हायड्रॉलिक ब्रेकमधलं तेल उकळतं. त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा मात्र दाबला जातो. त्यामुळे लिव्हर स्पंजसारखा मऊ होऊन थेट हँडलला टेकतो.

डॉट प्रकारचं तेल हवेतली ओल शोषून घेतं. नवीन डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरेल, अशी अट असते. ओल शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणातल्या किंवा मावळातल्या पावसाळ्यात वापरलेलं तेल वर्षानुवर्षं तसंच ठेवण्यात शहाणपणा नाही, तो यामुळेच.

मग उतरायचं कसं?

नवखा माणूस भीतीने दोन्ही ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवतो. वाटतं सुरक्षित, पण ब्रेकला थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही.

योग्य पद्धत अशी. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा. वळणात शिरताना ब्रेक हलके करा. वळण संपून समोरचा रस्ता स्पष्ट दिसला की ब्रेक सोडा. त्या काही सेकंदांत वारा डिस्क थंड करतो. वेग मात्र कायम एवढाच ठेवा की समोर जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल. समोरून एसटी मधोमध येऊ शकते आणि वळणापलीकडे म्हशीही बसलेल्या असू शकतात.

पुढचा ब्रेक लावला की माणूस तोंडावर पडतो, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण ब्रेक लावताच सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम न दाबता हळूहळू वाढवत न्या. उतार जास्त असेल तर सीटवरून थोडं उठून कंबर मागे न्या. फक्त वाळू, ओला पाला किंवा शेवाळ असेल तिथे वळणात पुढचा ब्रेक जपून वापरा. पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

लिव्हर मऊ लागला, जळका वास आला किंवा नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागला, तर पुढच्या वळणाची वाट बघू नका. लिव्हर दोन-तीनदा भरभर दाबून सोडा, डोंगराच्या बाजूने सुरक्षित जागा बघून थांबा आणि दहा-पंधरा मिनिटं ब्रेक थंड होऊ द्या. डिस्कला हात लावू नका, चटका बसतो. गरम डिस्कवर पाणीही ओतू नका, ती वाकडी होऊ शकते.

पावसाळ्यात पॅड किती टिकतात?

एरवी अनेक महिने टिकणारे पॅड पावसाळ्यातल्या एका चिखलाच्या राइडमध्ये बरेच संपू शकतात. माती आणि पाणी मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात.

पॅडचे मुख्य दोन प्रकार आहेत. रेझिन पॅड आवाज कमी करतात, थंड असतानाही छान धरतात, पण चिखलात लवकर झिजतात. मेटल पॅड उष्णता आणि पाऊस जास्त सोसतात, थोडे कुरकुरतात. स्वस्त डिस्कवर कधीकधी ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असतं. अशा डिस्कवर मेटल पॅड लावले तर डिस्कच खाल्ली जाते.

शिमानोच्या हिशोबाने पॅडवरचा घासणारा थर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदलायचा. त्यांची साधारण डिस्क नवीन असताना १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ वर आली की तीही बदलायची. इतर कंपन्यांच्या डिस्कवर किमान जाडी बहुतेक वेळा कोरलेलीच असते.

नवीन पॅड लावून थेट घाटात जाऊ नका. आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेग घ्या आणि पूर्ण न थांबता वेग कमी करा. असं वीसेक वेळा केलं की पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि ब्रेकला खरी पकड येते.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तेल. चेनवर स्प्रे मारताना त्याचे तुषार डिस्कवर उडतात आणि ब्रेक किंचाळायला लागतो. चेनला थेंबाथेंबाने तेल द्या, वरचं तेल फडक्याने पुसा. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड पुरतं. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर तो बदललेलाच बरा.

घाटात जाण्याआधीची पाच मिनिटं

- दोन्ही लिव्हर जोरात दाबा. हँडलला टेकत असतील तर निघू नका.
- कोणता लिव्हर पुढच्या ब्रेकचा आहे ते बघा. मित्राची किंवा भाड्याची सायकल असेल तर हे विसरू नका.
- पॅड किंवा शू किती उरलेत ते पाहा.
- केबलचे धागे सुटलेत का, हायड्रॉलिक नळीजवळ तेल झिरपतंय का ते तपासा.
- चाक उचलून फिरवा. डिस्क घासत असेल किंवा चाक डुगडुगत असेल तर आधी दुरुस्त करा.
- चाक काढून सायकल गाडीतून नेत असाल तर हायड्रॉलिक लिव्हर दाबू नका. आतले पिस्टन बाहेर येतात आणि मग चाक बसत नाही.

चढावर दम लागला तर उतरून सायकल ढकलता येते, कुणी हसत नाही. उतारावर ब्रेक गेला तर तो पर्याय उरत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी दुकानात गेलात, की गिअर मोजण्याआधी ब्रेकचा लिव्हर दाबून बघा.